प्रवेशाच्या पुढचा प्रश्न

दहा वर्षांपूर्वी भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या पदवी अभ्यासक्रमांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या आणि मुलांच्या जागांना धक्का न लावता २०२० पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास गेले. उद्दिष्ट आकड्यांत मांडून त्याची जबाबदारी निश्चित केली, की बदल घडतो, एवढा बोध मी यातून घेतो.

पदवीनंतरच्या टप्प्याला मात्र ही शिस्त लागू झालेली नाही. शिक्षणसंस्था आणि उद्योग यांची भागीदारी बहुधा सामंजस्य करार, शिष्यवृत्ती आणि एखादे प्रेरक व्याख्यान यांपुरती उरते. आर्थिक साहाय्याचे मोल मी कमी लेखत नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘प्रगती’ योजनेतून पात्र विद्यार्थिनीला वर्षाला ५० हजार रुपये मिळतात, हा मोठाच आधार आहे. परंतु यंत्र किंवा स्थापत्य शाखेच्या मुलीची अडचण शुल्कापाशी संपत नाही. कारखाना शहराबाहेर असतो, पाळी रात्री सुटते, निवासाची सोय नसते. मग सुरक्षिततेचे कारण पुढे करून तिला कार्यालयीन कामाकडे वळवले जाते.

दुसरा अडथळा मूल झाल्यावर उभा राहतो. १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकी उत्तीर्ण झालेल्या ए. ललिता तरुणपणीच विधवा झालेल्या, पदरी लहान मुलगी असलेल्या. भावाच्या घरी राहता यावे म्हणून त्यांनी सिमल्यातील नोकरी पत्करली. आजही अनेकींचे काम घरातल्या अशाच आधारावर अवलंबून असते. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराचे बंधन घातले. लहान उद्योग या बंधनाबाहेर राहिले.

भागीदारीचे खरे क्षेत्र इथे आहे. पाळणाघर सामाईक सुविधा म्हणून चालवण्यास कायदा मुभा देतो. औद्योगिक वसाहतीतील उद्योग आणि शेजारचे महाविद्यालय यांनी मिळून पाळणाघर, वसतिगृह आणि रात्रीची वाहतूक चालवली, तर एकट्याला न पेलणारा खर्च वाटला जाईल. महाविद्यालयाने मूळ शाखेतील प्रत्यक्ष प्रशिक्षणाला श्रेयांक द्यावेत, उद्योगाने त्यासाठी विद्यावेतन आणि मार्गदर्शक अभियंता द्यावा. खंड पडलेल्या अभियंतींना कौशल्य अद्ययावत करून पुन्हा रुजू होण्याची वाटही दोघांनी मिळून आखावी.

शेवटी मोजमाप हवे. करारांची संख्या जाहीर करण्याऐवजी कोणत्या शाखेतील किती मुली मूळ क्षेत्रात रुजू झाल्या आणि पाच वर्षांनी किती टिकल्या, हे दोन्ही भागीदारांनी दरवर्षी प्रसिद्ध करावे. सार्वजनिक अनुदान आणि करसवलती मिळवणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही. मुलींसाठी वर्गाचे दार शासनाने उघडले. कारखान्याचे दार उघडे ठेवण्याचे काम एकट्या शासनाचे नव्हे.