शेवगावात बुडाले ते शेअरचे पैसे नव्हतेच! खाण कंपनीच्या 'टिप'मागे जाण्याआधी हे तपासा

शेवगाव : 'शेअर मार्केट' हा शब्द तालुक्यात आता कुणी काढला, की पारावरची माणसं गप्प होतात. महिन्याला आठ-दहा टक्के, कुठे त्याहूनही जास्त परतावा देतो म्हणून गावोगावी ऑफिसं थाटली गेली. सुरुवातीचे काही महिने पैसे वेळेवर आले, म्हणून भावकी आणि पाहुणेरावळेही आत शिरले. मग २०२४ मध्ये एकामागून एक शटर खाली आली, पैसे घेणारे पसार झाले आणि शेवगाव पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल होत गेले. त्यात कापसाचे पैसे गेले, उसाचं बिल गेलं, कुणाचं जमीन विकून आलेलं भांडवलही गेलं.

आता तालुक्यात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतात, शेअरचं नावच नको. दुसरे म्हणतात, बुडालेलं भरून काढायचं तर आणखी एक मोठा हात मारावाच लागेल. या दुसऱ्या माणसांच्या मोबाइलवर नवी टिप येऊन पडते : "छोटी खाण कंपनी आहे, शेअर चाळीस रुपयाला आहे, वर्षात चारशे होणार." सोबत गडचिरोलीच्या लोहखनिजाचं उदाहरण दिलेलं असतं. हे उदाहरण खरं आहे, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवं.

बुडालं ते काय होतं?

शेअर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. साखर कारखान्याचा शेअर घराघरात आहे. त्यावर सभासदाचं नाव असतं, वार्षिक सभेत हात वर करायचा हक्क असतो, सवलतीची साखर मिळते. शेअर बाजारातल्या कंपनीचा शेअरही असाच मालकीचा तुकडा आहे. फरक एवढाच, की त्याचा भाव रोज वर-खाली होतो आणि तो आपल्या नावाच्या डिमॅट खात्यात जमा होतो.

शेवगावात ज्यांनी पैसे दिले, त्यातल्या बहुतेकांच्या नावावर एकही शेअर आला नाही. पैसे दुसऱ्याच्या हातात, व्यवहार त्याच्या नावावर आणि आपल्याकडे फक्त तोंडी शब्द किंवा नोटरी केलेला कागद. तो शेअरचा धंदा नव्हता. नव्याचे पैसे जुन्याला द्यायचे, असाच तो खेळ होता.

साधा हिशेब बघा. महिन्याला १० टक्के परतावा मिळाला आणि तो तसाच गुंतवत नेला, तर एक लाखाचे वर्षात सुमारे ३ लाख १४ हजार होतात. पाच वर्षांत तेच तीन कोटींच्या पुढे जातात. असा परतावा कायम देणारा माणूस ऑफिस काढून लोकांकडे पैसे मागत कशाला बसेल?

गडचिरोलीत नेमकं काय घडलं?

लॉयड्स मेटल्स अँड एनर्जी ही तशी लहान कंपनी होती. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला तिचा स्पंज आयर्नचा कारखाना. २००७ मध्ये तिला गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागड इथे सुमारे ३४८ हेक्टरवर लोहखनिजाचा पट्टा मिळाला. पण पट्टा मिळाला म्हणजे माल निघाला, असं झालं नाही. जून २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहून नेणारी सत्तरच्या वर वाहनं जाळली. परिसरातल्या ग्रामसभांचाही खाणींना विरोध होता, तो पुढेही राहिला. खाण खऱ्या अर्थाने चालू झाली ती २०२१ मध्ये, त्रिवेणी अर्थमूव्हर्स ही खाणकामातली अनुभवी कंपनी सोबत आल्यावर. २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत खनिज काढायची परवानगी मिळाली.

२०२० मध्ये वीस रुपयांच्या आत असलेला हा शेअर २०२५ मध्ये हजार रुपयांच्या वर गेला. १ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी इथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत कामगारांनाही कंपनीचे शेअर देण्यात आले. टिप देणारा एवढंच सांगतो. २००७ ते २०२१ ही मधली चौदा वर्षं तो सांगत नाही. त्या काळात खाण जवळपास हातात आल्यासारखी होती, आणि तरीही नव्हती. अशा एका कंपनीमागे कधीच माल न निघालेल्या कितीतरी कंपन्या असतात. त्यांचे मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.

खाणीच्या शेअरला विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, पट्टा कुणाच्या नावावर आणि परवानग्या कुठल्या? मुरूम-वाळू उचलायची तरी तहसीलचा परवाना लागतो. लोहखनिजाला खाणपट्टा, पर्यावरण मंजुरी आणि जंगल असेल तर वनखात्याची परवानगी, हे सगळं लागतं. एवढं असूनही कोर्टाचा एक निकाल खाण बंद करू शकतो. गोव्यात ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. १६ मार्चपासून तिथलं खाणकाम थांबलं आणि ट्रकवाल्यापासून बार्जमालकापर्यंत सगळे घरी बसले.

दुसरा प्रश्न, जमिनीत माल आहे हे कुणी मोजलं? कॅनडाच्या ब्रे-एक्स या छोट्या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं सांगितलं. काही पैशांत मिळणारा तिचा शेअर आकाशाला भिडला. १९९७ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं, की नमुन्यांत वरून सोन्याची भुकटी मिसळलेली होती. हजारो सामान्य गुंतवणूकदारांचे पैसे मातीत गेले. बोअर घेताना पाणाड्याच्या एका शब्दावर कर्ज काढू नये, तसंच हे आहे.

तिसरा प्रश्न, मालाचा भाव कुणाच्या हातात? कांद्यावर निर्यात शुल्क लागलं की बाजार समितीत काय होतं, हे नगर जिल्ह्याला चांगलं माहीत आहे. लोहखनिजाचं तेच. मे २०२२ मध्ये केंद्राने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतलं. त्या सहा महिन्यांत खाण तीच होती, मालही तोच होता, पण हिशेब बदलला. खनिजाचे सरासरी विक्री दर भारतीय खाण ब्युरो प्रसिद्ध करतो. त्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे आणि ही माहिती फुकट बघता येते.

चौथा प्रश्न, विकायला गेलं तर घेणारा आहे का? लहान कंपनीच्या शेअरची रोजची उलाढाल थोडी असते. थोड्या पैशांत भाव चढवता येतो. तो चढवायचा, मेसेज आणि व्हिडिओ सोडायचे आणि लोक आले की आपला माल त्यांच्या गळ्यात मारून निघून जायचं, ही जुनी युक्ती आहे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत यूट्यूबवर दिशाभूल करणारे व्हिडिओ टाकल्याच्या प्रकरणात सेबीने मार्च २०२३ मध्ये कारवाई केली होती. असा शेअर पडायला लागला की रोज 'लोअर सर्किट' लागतं. म्हणजे फळ्यावर भाव लिहिलेला आहे, पण बोली लावणारा व्यापारीच नाही. अशा वेळी सर्वात शेवटी आलेला अडकतो, आणि गावाकडे टिप पोचते तीच शेवटी.

निदान एवढं करा

शेअर घ्यायचाच असेल तर डिमॅट खातं स्वतःच्या नावाचं हवं, पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडेच हवा. पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यावर किंवा रोखीने देऊ नयेत. सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो सेबीच्या वेबसाइटवर तपासावा. खात्रीचा परतावा सांगणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवावं, कारण नोंदणी असलेल्या सल्लागाराला तसं आश्वासन देताच येत नाही. आणि कर्ज काढून, सोनं मोडून खाणीचा शेअर घेऊ नये. खाणीला चौदा वर्षं थांबता येतं, सोसायटीच्या हप्त्याला नाही.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत, त्यातले काही जण लाजेखातर अजून पोलिसांत गेलेले नाहीत. हे नुकसान त्यांचंच आहे. ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणाऱ्या १९९९ च्या राज्याच्या कायद्यात, म्हणजे एमपीआयडीमध्ये, आरोपीची मालमत्ता जप्त करून ती कोर्टामार्फत ठेवीदारांत वाटायची तरतूद आहे. तिथे रक्कम कधी आणि किती मिळेल, हे जप्तीत काय हाती लागतं यावर ठरतं. पण ज्याचं नाव आणि पुरावे नोंदलेले नाहीत, त्याचा हिस्सा धरायचा कसा? बँकेचं स्टेटमेंट, चेकची झेरॉक्स, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, नोटरीचा कागद, जे असेल ते घेऊन तक्रार द्यावी. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

बुडालेल्या पैशांचा पाठपुरावा कागद घेऊन पोलीस ठाण्यात आणि कोर्टात करायचा असतो. मोबाइलवर आलेल्या पुढच्या टिपमधून तो होत नाही.