शिकारीची कंपनी ‘चांगली’ कशी असेल?



माझ्या बहिणीचा मुलगा टेक्सासला नोकरीला आहे. ऑफिसातले चौघे दोन दिवस शिकारीला चाललेत आणि कंपनी निवडायचं काम याच्या गळ्यात पडलंय. त्याने मला तीन कंपन्यांची पत्रकं पाठवली आणि खाली लिहिलं, “मावशी, मी बंदुकीला हातही लावणार नाही. फक्त चांगली कंपनी शोधून देतोय. यात कसलं आलंय पाप?” हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर इथे सगळ्यांसाठी लिहितेय. माझं म्हणणं सरळ आहे: कंपनी शोधून देणं हे शिकारीच्या बाहेरचं काम नाही, शिकार तिथूनच सुरू होते.

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. आमच्या कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. येणारे लोक विचारतात, लाइफ जॅकेट धड आहेत का, गाइड शिकलेला आहे का, पाणी कधी सोडतात. विचारायलाच हवं. बुडण्याचा धोका विचारणाऱ्यालाच असतो. शिकारीच्या कंपनीलाही तसेच प्रश्न विचारतात: परवाना आहे का, जेवणखाण कसं, किती गिऱ्हाइकांना जनावर ‘मिळालं’. पण इथे ज्याचा जीव जायचा आहे तो विचारणाऱ्यांत नाही. म्हणून ‘चांगली’ या शब्दाचा अर्थच बदलतो. मारण्याची सोय जिथे उत्तम, ती कंपनी चांगली!

अशा कंपन्यांची दरपत्रकं एकदा नीट वाचा. राहण्याजेवणाचा दर वेगळा, जनावराचा वेगळा. खाली बहुतेकांची एक अट असते: जनावर जखमी होऊन पळालं आणि सापडलं नाही, तरी पैसे पूर्ण. हिशेब अगदी चोख! गोळी पोटात घेऊन झुडपात तडफडणाऱ्या जिवाचं बिल चुकतं केलं की विषय संपला. टेक्सासच्या यादीत चितळ आणि काळवीटही आहेत. हे मूळ आपल्याकडचे प्राणी, गेल्या शतकात तिकडे नेऊन वाढवलेले. त्याच काळविटासाठी आपल्या नगर जिल्ह्यात रेहेकुरीला अभयारण्य आहे. इथे त्याला मारलं तर तुरुंग, तिथे मारलं तर पावती. काळवीट मात्र दोन्हीकडे तोच, जिवाची भीतीही तीच.

आता “मी बंदुकीला हात लावणार नाही” याचं बघू. पाठशाळेत आपण शिकलो ते फक्त परीक्षेपुरतं नव्हतं. करणं, करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, तिन्हींचं कर्म बांधलं जातं. सप्तव्यसनांत शिकार आहेच. त्याहून नेमकी गोष्ट अकलंकदेवांच्या तत्त्वार्थराजवार्तिकात सापडते. अनर्थदंडाच्या विवेचनात ते पापोपदेशाचे प्रकार सांगतात. त्यातला एक वधकोपदेश: हरणं, डुकरं, पक्षी अमुक प्रदेशात आहेत असं पारध्यांना सांगणं. बाण सोडणं दूरच, नुसतं ठिकाण सांगणं! शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आजच्या शिकारी गाइडचा धंदा जसाच्या तसा लिहिलेला आहे. मग त्या गाइडचा पत्ता शोधून देणारा कोण?

पैसे देऊन घेतलेल्या शिकारीत ही ढकलाढकली फार सोयीची असते. गाइड म्हणतो, गोळी मी झाडली नाही. गिऱ्हाईक म्हणतं, सगळं गाइडने ठरवलं. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला. आधी बाणाने जखमी केला आणि कित्येक तासांनी संपवला. गदारोळ झाल्यावर मारणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने काय सांगावं? शिकार कायदेशीर असावी म्हणून मी तिथल्या जाणकार गाइडांवर विसंबलो होतो! याच्यासमोर उत्तराध्ययनातला संजय राजा ठेवा. चतुरंग सेना घेऊन तो शिकारीला निघाला होता. हरीण पडलं ते गर्दभाली मुनींजवळ. राजाने सेनेकडे बोट दाखवलं नाही, घोड्यावरून उतरून क्षमा मागितली. मुनी म्हणाले, तुला अभय आहे, तूही अभय देणारा हो.

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. विद्याचरण शुक्ल पुढे केंद्रीय मंत्री झाले. त्याआधी, १९५०च्या दशकात, ते ऑल्विन कूपर कंपनीत होते. मध्य भारतातल्या जंगलांत मोठ्या शिकारीच्या सहली काढणं हा त्या कंपनीचा धंदा. मचाण, हाकारे, बांधलेलं रेडकू, सगळी व्यवस्था तयार, पाहुण्याने फक्त चाप ओढायचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असल्या धंद्याला टाळं लावलं.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला, शिकारीच्या पैशातून जंगल वाचतं. नामिबियासारख्या देशात काही पैसा गावांपर्यंत पोहोचतो, ते मी नाकारत नाही. पण दुसरी वाट आहे, ती आपणच दाखवली. शिकारीचं एकही तिकीट न विकता आपल्याकडचे वाघ २००६च्या अंदाजातल्या १,४११ वरून २०२२ मध्ये ३,६८२ झाले.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: रानडुकरं शेत उकरतात, तेव्हा शेतकऱ्याने काय करायचं? हा प्रश्न खरा आहे आणि दुकानात बसून भात विकत घेणाऱ्या आपण त्याला अहिंसेवर प्रवचन देऊ नये. आपल्याच शास्त्राने विरोधी हिंसा आणि संकल्पी हिंसा वेगळ्या मानल्या आहेत. पीक वाचवायला उठलेला शेतकरी आणि विमानाचं तिकीट काढून मौजेसाठी मारायला जाणारा गिऱ्हाईक एका तराजूत बसत नाहीत. पोटासाठी उंदीर धरणाऱ्या कातकऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याच घरातला मुलगा सुट्टीत कुठे जातोय ते आधी विचारा. त्याला भूक लागलेली नाही, त्याचं शेतही कुणी उकरलेलं नाही.

भाच्याला मी लिहिलं, तीनपैकी एकही सुचवू नकोस आणि का नाही ते मित्रांना तोंडावर सांग. “मी शाकाहारी आहे” या सबबीआड लपू नकोस. चौघांतला एक जरी थबकला, तरी एका जिवाला अभय मिळालं.

आणि रानात रात्र काढायची हौसच असेल, तर आमच्याकडे या. मुरूड-रोह्याच्या डोंगरातलं फणसाड एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राणी मोजायला माणसं मचाणावर बसतात. चांदणं तेच, पाण्यावर येणारं सांबरही तेच. माणसाच्या हातात मात्र आता वही-पेन असतं. सांबर पाणी पिऊन परत जातं.