पायरी चढताना सोबत

चैत्र लागतो तेव्हा ॲन आर्बरच्या झाडांना अजून पालवी फुटलेली नसते. ह्युरॉन नदीकाठचा बर्फ नुकता विरलेला असतो, विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात आणि आपल्या घरची गुढी गार वाऱ्याच्या धाकाने कधीकधी खिडकीच्या आतच उभी राहते. पाडव्याच्या मागेपुढे, एप्रिल महिन्यात, या देशात एक सप्ताह पाळला जातो: गुन्ह्याची झळ ज्यांना सोसावी लागली, त्यांच्या हक्कांचा. १९८१ पासूनचा हा परिपाठ. त्याला मिरवणूक नाही, फराळ नाही. म्हणून तो आपल्या सणावारांच्या यादीत शिरत नाही. पण वर्षाच्या पहिल्या दिवशी गोडाच्या आधी कडुनिंब चाखण्याची रीत ज्यांची, त्यांनी तरी या सप्ताहाकडे पाठ फिरवू नये.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण बाळकडूबरोबरच घेतलेले असते. सात समुद्र ओलांडूनही हा सल्ला आपल्यासोबत आला. पण ज्याचे घर फुटले, जिच्यावर हात उचलला गेला, ज्यांचे मूल भरधाव मोटारीने हिरावले, त्यांना निवड कोणी दिली होती? त्यांना ती पायरी चढावीच लागते, आणि पुष्कळदा एकट्याने. आरोपीला वकील मिळतो, सरकारच्या बाजूने सरकारी वकील उभा राहतो. ज्याचे गेले तो मात्र फार काळ निव्वळ साक्षीदार होता.

हे चित्र पालटायला वेळ लागला. १९८४ साली अमेरिकेने अशा पीडितांसाठी निधी उभारला, तोही मुख्यतः संघीय गुन्हेगारांकडून वसूल केलेल्या दंडातून. मिशिगनने १९८५ मध्ये कायदा केला आणि १९८८ मध्ये पीडितांचे हक्क थेट राज्यघटनेत नोंदवले: सन्मानाने वागवले जाण्याचा, खटल्याची तारीख कळण्याचा, शिक्षा ठरताना आपले म्हणणे मांडण्याचा. या शेवटच्या हक्काचे मोल २०१८ च्या जानेवारीत जगाने पाहिले. आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर, लान्सिंगच्या न्यायालयात, डॉक्टर लॅरी नासरच्या अत्याचारांविषयी दीडशेहून अधिक निवेदने सात दिवस ऐकली गेली. आणि आपल्या मुंबईनेही १९८४ सालीच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला, समाजकार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी बसवली, याचा अभिमान आपण बाळगावा.

मात्र कायदा हक्क देतो. मध्यरात्री शेजारी बसायला माणूसच लागतो. मिशिगनमधील अनेक पोलीस खाती आणि शेरीफ कार्यालये यासाठी गावातल्याच लोकांना हाताशी धरतात. त्यांची पार्श्वभूमी तपासतात, त्यांना शिकवतात आणि पाळीने बोलावतात. हवालदार जबाब लिहून पुढच्या कामाला निघतो, तिथून या स्वयंसेवकाचे काम सुरू होते. ते वरवर पाहता किरकोळच. तुटलेले कुलूप बदलायला माणूस बोलावायचा, तक्रारीचा क्रमांक कागदावर ठळक लिहून द्यायचा, भरपाईचा अर्ज भरू लागायचा, तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या बाकावर शेजारी बसायचे. कधी मृत्यूची वार्ता घेऊन पोलिसासोबत एखाद्या दारात उभे राहायचे आणि पोलीस गेल्यावरही थांबायचे. सल्ला कमी द्यायचा, ऐकायचे जास्त, आणि ऐकलेले त्या घराबाहेर न्यायचे नाही.

या शेवटच्या अटीपाशी आपण क्षणभर थांबावे. आपला मराठी गोतावळा इथे लहान आहे. कोणाच्या घरी काय शिजते हे मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमापर्यंत सगळ्यांना कळते. म्हणूनच मार खाणारी सून गप्प राहते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असेल तर अधिकच. तपासाला साहाय्य करणाऱ्या पीडितांसाठी २००० सालापासून यू व्हिसाची तरतूद आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. नातवाला सांभाळायला आलेल्या आजी फोनवरच्या भामट्याकडून फसल्या, तरी लेकाला सांगायला शरमतात. अशा वेळी ‘काय झालं, आजी?’ एवढे मराठीत विचारणारे आणि उत्तर पोटात ठेवणारे माणूस किती मोठा आधार ठरेल!

आपण मदतीला मागे नसतो. कोणाच्या घरी बाळ आले की डबे पोहोचतात, कोणी गेले की चुलीचा भार शेजारी उचलतात. पण हे सारे ओळखीपुरते. अनोळखी माणसाच्या वाईट रात्री त्याच्यासाठी जागणे, हे नागरिकत्वाचे कर्तव्य आहे. ज्या गावाने आपल्याला थारा दिला, त्या गावाची ती रास्त अपेक्षा आहे.

तेव्हा या चैत्रात एक काम करू. आपल्या भागातल्या पोलीस खात्याला किंवा शेरीफ कार्यालयाला विचारू, की पीडितांच्या मदतीसाठी स्वयंसेवक हवे आहेत का. ॲन आर्बरचे सेफहाऊस सेंटर घरगुती हिंसाचार आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी झटते, तिथेही विचारू. मंडळाच्या नाटकाच्या तालमींना आपण वेळ काढतोच. त्यातला थोडा इकडे वळवू. शहाण्यांनी पायरी चढू नये हे खरे असेलही, पण ज्यांना चढणे भाग पडले त्यांच्यासोबत चढायला शहाणीच माणसे हवीत. नाव नोंदवा.