अंगणातील तण आणि श्रावकाचा यत्नाचार

मृगाच्या दोन सरी पडल्या की सोलापुरातील जुन्या घरांच्या अंगणात शहाबादी फरशीच्या सांध्यांतून हिरवी रेघ उमटू लागते. आठ-दहा दिवसांत ती बोटभर वाढते. मग एके सकाळी मुनिमहाराजांच्या पडगाहनासाठी दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबाच्या ध्यानात येते की, ज्या वाटेने महाराजांना चौक्यात आणावयाचे त्या वाटेवर पाऊल ठेवण्याजोगी कोरडी जागाच उरलेली नाही. चार हात भूमी न्याहाळत चालणारे साधू हिरव्यावर पाय देत नाहीत. सून घाईने खुरपे आणते आणि सासूबाई तिला थांबवितात. साधू दारी असताना उपटणे, खणणे हा आरंभच; त्याने आहारदानात अंतराय यावयाचा. तण तसेच राहते आणि महाराज पुढच्या घराकडे वळतात.

या प्रसंगात चूक सुनेची नाही, सासूबाईंचीही नाही. चूक वैशाख-ज्येष्ठात झालेली असते.

वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव आहे, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा सर्वथा टाळता येत नाही. म्हणून अणुव्रतात संकल्पी त्रसहिंसेचा त्याग आणि स्थावरांच्या बाबतीत मर्यादा सांगितली आहे. परंतु आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार दिले आहेत, त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण जमीन खणणे आणि पाणी सांडणे यांच्याबरोबर निष्कारण वनस्पती तोडणेही गणले आहे. अंगणाला हा विचार लावला तर हिशेब सरळ निघतो. आपल्या आळसामुळे शंभर रोपे उगवू द्यावयाची आणि मग ‘नाइलाजाने’ शंभरही उपटावयाची, हा नाइलाज नव्हे, प्रमाद होय. उगवूच न देणे हीच येथे मोठी अहिंसा. दिगंबर परंपरेत यालाच यत्नाचार म्हणतात, श्वेतांबर घरांत जयणा.

मग तण येते कोठून? दगडातून काही उगवत नाही. सांध्यात साचलेली धूळ, तिच्यात पडलेले बी आणि त्याला मिळालेला ओलावा, एवढेच त्याचे भांडवल. त्यातील बी पुष्कळदा घरचेच असते, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जीवदयेसाठी रोज सकाळी पारवे-चिमण्यांना ज्वारी-बाजरी टाकण्याची रीत आपल्या बहुतेक घरांत आहे. दाणे फरशीवर फेकले की निम्मे सांध्यांत जातात आणि पहिल्या पावसात उगवतात. ज्या हाताने दान दिले, त्याच हाताने पुढे उपटावे लागते. दाणे उथळ परातीत किंवा कडा असलेल्या दगडी पाटावर ठेवावेत आणि संध्याकाळी उरलेले वेचून घ्यावेत. निम्मे तण तेथेच थांबते.

पाखरे आणखी एक बी आणतात. पिंपळ, वड, उंबर यांची फळे खाऊन ती कठड्यावर बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून गच्चीच्या भेगेत रोप धरते. पंच उदुंबराचा त्याग पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या घराच्या भिंतीत त्याच उदुंबराचे मूळ शिरलेले असावे, हा विचित्र योग सोलापूरच्या जुन्या पेठांत जागोजाग दिसतो. दोन पानांचे रोप चिमटीने मुळासकट निघते आणि कुंडीत लावून नंतर एखाद्या मोकळ्या जागी रुजविताही येते. दोन वर्षांनी मात्र त्याला काढण्यासाठी कठडाच फोडावा लागतो.

फरशीतील सर्व तण एका जातीचे नसते. घोळ, केना, दुधी ही वर्षायू रोपे फुलण्यापूर्वी ओल्या मातीतून हलक्या हाताने निघतात. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून धावते. तिचा तुकडा राहिला तरी नवे रोप होते. लव्हाळ्याच्या मुळाशी गाठींची माळ असते. वरचा पाला ओढला की गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते, म्हणजे तोच जीव वारंवार दुखवावयाचा. अशा जागी एकदाच फरशी उचलून गाठी काढाव्यात आणि खाली खडी दाबून फरशी पुन्हा बसवावी. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५६ च्या सुमारास झाली आणि आज ते सोलापूरच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. एक झाड हजारो बिया टाकते आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज व चट्टे उठतात. म्हणून पांढरी फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालूनच ते काढावे.

आता लोकांनी सांगितलेले सोपे उपाय. उकळते पाणी ओतले की तण मरते, हे खरे आहे. पण त्याच सांध्यात मुंग्या असतात, गांडूळ असते. एका एकेंद्रियासाठी शेकडो त्रसजीव भाजावयाचे, हा व्यवहार कोणत्या वहीत बसतो? वाळले गवत पेटविणे त्याच जातीचे. मीठ टाकले तर ते पावसात विरघळून फरशीत मुरते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि शेजारचा मोगराही करपतो. तेजाब किंवा व्हिनेगर तर शहाबादीवर मुळीच चालत नाही. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारा हा दगड चुनखडीचा आहे. आम्ल पडताच तो फेसाळतो आणि त्याची गुळगुळीत पाठ कायमची जाते.

राहिले तणनाशक. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. तरी ‘थोडेसे अंगणापुरते’ म्हणून बाटली आणणारे आहेतच. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य मोजून ते वर्ज्य मानणाऱ्या घराने, जेथे नातवंडे रांगतात त्या अंगणात विष फवारावे, हे पटण्यासारखे नाही.

खरा उपाय कंटाळवाणा आहे आणि तो चातुर्मासापूर्वीच करावयाचा आहे. ज्येष्ठाच्या कोरड्या दिवसांत सांध्यांतील माती बोटभर खोल खरवडून काढावी. मुंग्यांची ये-जा असेल तो सांधा तसाच सोडावा. त्यांनी जागा बदलली की मग पाहावे. उरलेले सांधे ओले करून एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांच्या घट्ट मिश्रणाने दाबून भरावेत आणि आठवडाभर पाण्याचा हात द्यावा. झाडांची आळी मोकळी ठेवावी. विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांतील नव्या बंगल्यांत पेव्हर ब्लॉक असतात. त्यांच्या फटींत दरवर्षी जाड कच भरावी लागते, कारण पाऊस ती वाहून नेतो. ब्लॉकखाली कापड अंथरल्याने वरून पडणारे बी थांबत नाही, मग गवंडी काहीही म्हणो.

शेवाळ्याची गोष्ट वेगळी. इरियावही सूत्रात बीज आणि हरित यांच्याबरोबर पणग, म्हणजे हीच बुरशी-शेवाळी, येते. साधारण वनस्पतीत अनंत जीवांचे एकच शरीर मानले आहे. एकदा धरलेले शेवाळ खरवडणे म्हणजे काय, हे श्रावकाला सांगावयास नको. ते धरते केवळ पाणी उभे राहिल्याने. अंगणाला दहा फुटांस दीड इंच उतार हवा, गळक्या नळाचा वॉशर त्याच दिवशी बदलावा आणि कुंड्यांखाली विटा ठेवाव्यात, म्हणजे खालून वारा खेळतो. सोलापुरात पावसाचा मोठा भाग भाद्रपदाच्या सुमारास येतो. म्हणून पर्युषण व दशलक्षणाच्या दिवसांत, जेव्हा अंगणात पाहुण्यांची वर्दळ असते, तेव्हाच फरशी सर्वाधिक ओली असते. त्या आधीच्या आठवड्यात उतार पुन्हा एकदा तांब्याभर पाणी सोडून तपासावा. पाणी जेथे थबकते तेथे खडूने खूण करून ठेवावी आणि उघडीप मिळताच गवंड्याला ती दाखवावी.