जोडी लावण्यापूर्वी

बैलांची असो वा पारव्यांची, ‘जोडी’ हा शब्द आपल्या भाषेत इतका मंगल आणि इतका सहज झाला आहे की, एकट्याने असणे म्हणजे काहीतरी उणे असणे, ही भावना त्या शब्दातच मुरून गेली आहे. आणि म्हणूनच विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी फेरेट नावाचा प्राणी हौसेने घरी आणला आहे, त्यांची पत्रे या स्तंभाकडे येतात तेव्हा बहुतेकांचे विचारणे एकच असते : आमची मादी एकटी आहे, तिला नर आणून दिला तर बरे नाही का? या प्रश्नामागील दयाबुद्धीविषयी मला तिळमात्र शंका नाही. माझी तक्रार आहे ती प्रश्नांच्या क्रमाविषयी. नर आणावा की आणू नये, हे पुढचे. त्या मादीच्या माजाची काय तजवीज केली आहे, हे आधीचे.

ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांना त्याचे लांबोडके अंग, आखूड पाय आणि कुतूहलाने सदैव पुढे काढलेले नाक पाहून मुंगसाची आठवण होईल. परंतु मुंगसाचे कूळ निराळे, आणि फेरेटचा खरा आप्त म्हणजे आपल्या नद्यांतील पाणमांजर. युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवले असून, सशांच्या बिळांत त्याला सोडून शिकार करण्याची रीत रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोंदवून ठेवली आहे. इंग्लंडात नराला हॉब म्हणतात आणि मादीला जिल. हॉब वजनाने जिलच्या जवळजवळ दुप्पट भरतो, आणि ही गोष्ट पुढे दोघांची गाठ घालून देताना क्षणभरही विसरता येत नाही.

मी जन्मभर गाईम्हशींचा माज पाहिलेला पशुवैद्य आहे. गाय माजावर आली आणि त्या दिवशी वळूची सोय झाली नाही, तर माज आपोआप उतरतो आणि सुमारे २१ दिवसांनी पुन्हा येतो, संधी हुकली एवढेच नुकसान, हे आपल्याकडील कोणताही शेतकरी सांगेल. जिलची प्रकृती याबाबतीत फार कठोर आहे. थंडी सरून दिवस मोठा होऊ लागला की, मार्चच्या सुमारास ती माजावर येते. परंतु तिचे बीज समागमाच्या प्रेरणेवाचून सुटत नाही, आणि बीज सुटले नाही म्हणून माजही उतरत नाही, तो तसाच पार सप्टेंबरपर्यंत रेंगाळू शकतो. या साऱ्या अवधीत चढलेले स्त्रीसंप्रेरक तिच्या अस्थिमज्जेवर विषासारखे काम करीत राहते. नवे रक्त तयार होईनासे होते, शेपटीवरचे केस झडतात, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, मागच्या पायांतले बळ जाते, आणि वेळीच उपाय न झाल्यास ती रक्तक्षयाने मरते. दूधभाकर घालणाऱ्या प्रेमळ घरातही मरते. (दूधभाकरही तिला वर्ज्यच आहे, हा निखळ मांसाहारी जीव आहे, आणि हे न पटणाऱ्याने तो पाळू नये.)

मग नर आणला म्हणजे भागले, असे कोणी म्हणेल. नराच्या समागमाने माज उतरतो हे खरे; परंतु त्यानंतर सुमारे ४२ दिवसांनी जिल विते, एका वेतात सात-आठ पिले सामान्य, कधी त्याहूनही अधिक, आणि त्या सर्वांना घरे मिळवून देण्याची जबाबदारी ज्याने हौसेने जोडी लावली त्याच्यावर येऊन पडते. शिवाय तो समागमही पाहणाऱ्याला सोसवेल असा नसतो : हॉब तिची मानगूट दातांत धरून तिला फरफटत नेतो, आणि हा प्रकार कधी कधी तासन्‌तास चालतो. एकाच वेतातली भावंडे आहेत, लहानपणापासून एकत्र वाढली आहेत, म्हणून काही होणार नाही, या भ्रमात तर कोणीच राहू नये. निसर्गाच्या दप्तरात या नात्याची नोंद नाही.

तेव्हा नर-मादी एकत्र नांदवायची तर त्यांच्या ऋतूचा बंदोबस्त आधी करावा लागतो. दोघांची शस्त्रक्रिया करून टाकणे हा जुना मार्ग. तो खात्रीचा आहे, परंतु बीजकोश वा वृषण काढलेल्या फेरेटांना पुढे अधिवृक्क ग्रंथीचा विकार जडतो आणि अंगावरचे केस जातात, असा अनुभव आल्यापासून पुष्कळ पशुवैद्य तो मार्ग पूर्वीच्या निःशंकपणे सुचवीत नाहीत. दुसरा मार्ग हॉब्लेटचा, म्हणजे खच्ची न करता नुसती नसबंदी केलेल्या नराचा. त्याच्या संगाने जिलचा माज उतरतो, ती सहा आठवडे खोटी गाभण राहते, पिले होत नाहीत. परंतु मुदत संपली की ती पुन्हा माजावर येते आणि एका हंगामात हा फेरा दोन-तीनदा करावा लागतो. तिसरा मार्ग त्वचेखाली बसविण्याच्या डेस्लोरेलिन या औषधाच्या कांडीचा. तिचा अंमल वर्षभराहून अधिक, बहुधा दोन वर्षांच्या आत-बाहेर राहतो, आणि एका घरात एक नर व एक मादी ठेवू इच्छिणाऱ्याने प्रथम याच मार्गाविषयी आपल्या पशुवैद्याशी बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्ग कोणताही असो, नर त्याच दिवशी निष्फळ होत नाही. खच्चीकरणानंतर किंवा नसबंदीनंतरही त्याला माजावरच्या मादीपासून निदान सहा आठवडे दूर ठेवावे लागते, आणि कांडीचा परिणाम दिसायलाही कित्येक आठवडे जातात. ही एवढी मुदत न पाळल्यामुळे झालेली वेते मी ऐकून आहे.

माझी भाची लीड्‌सला असते. तिला जिल विकणाऱ्याने नरही घेऊन जा, जोडी सुखात राहील, असे सांगून ऋतूचा अवाक्षरानेही उल्लेख केला नव्हता, याचा मला आजही राग येतो. सुदैवाने तिने नर आणण्यापूर्वी मला दूरध्वनी केला. दोघांना कांड्या बसवून, मुदत भरून, लशी टोचून झाल्यावर तो दीड किलोचा गृहस्थ तिच्या घरी आला, आणि योगायोगाने त्या पंधरवड्यात मीही तेथेच होतो. पहिले चौदा दिवस तो वेगळ्या खोलीत राहिला. नव्या प्राण्याने काही रोग आणला असेल तर तो या अवधीत उघडकीला येतो. माणसाचा फ्ल्यूदेखील या प्राण्यांना होतो, १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या संशोधकांनी त्या रोगाचा विषाणू फेरेटांच्याच साहाय्याने हाती लावला, आणि पुढे एक आजारी फेरेट शिंकल्याने स्मिथ यांचे सहकारी स्टुअर्ट-हॅरिस आजारी पडले. म्हणून घरात कोणाला फ्ल्यू असेल तर ही भेट पुढे ढकलावी.

या चौदा दिवसांत ओळख करून दिली ती वासाची. माझ्या बहिणीने पाठवलेल्या एका जुन्या गोधडीचे भाचीने दोन तुकडे केले होते. रोज सकाळी याच्या अंथरुणातला तुकडा तिच्याकडे आणि तिचा याच्याकडे जाई. पहिल्या दिवशी जिलने तो हुंगून फुसकारा टाकला आणि पाठ फिरवली. पाचव्या दिवशी तिने तो दातांत धरून उलटे पाऊल टाकीत आपल्या झोळीपर्यंत ओढत नेला.

मग स्वयंपाकघराची फरशी. ही जागा दोघांपैकी कोणाचीच नव्हती, हे महत्त्वाचे. जिलची शेपटी बाटली घासण्याच्या ब्रशासारखी फुलली, हॉब थेट तिच्या अंगावर गेला, मानगूट धरून त्याने तिला टेबलाखाली ओढले, आणि भाची ओरडली, “मामा, मारतोय हो तिला!” मी म्हटले, “थांब ग जरा, तिचा आवाज ऐक.” जिल फुसकारत होती, किंचाळत नव्हती, आणि सुटताच ती पळून न जाता वळली, पाठीची कमान करून आडव्या उड्या मारीत त्याच्यावर चालून गेली. फरक ओळखायचा तो येथे. मानगूट धरणे, लोळवणे, फरफटणे ही त्यांची रीतच आहे. परंतु सतत किंकाळी, रक्त, भीतीने जागीच मलविसर्जन, किंवा लहान जीव कोपऱ्यात शिरून बाहेरच न येणे, यांतले काहीही दिसले की तत्क्षणी दोघांना वेगळे करावे आणि दुसऱ्या दिवशी, अधिक थोड्या वेळासाठी, पुन्हा प्रयत्न करावा. आम्ही दहा मिनिटांनी थांबलो. दुसऱ्या दिवशी दोघांच्या मानेवर सामन माशाच्या तेलाचा थेंब लावला. चाटण्याच्या नादात हॉब चावायचे विसरला. काहींचे आठवड्यात जमते, काहींना महिने लागतात, आणि काहींचे कधीच जमत नाही. तो त्यांचा अधिकार आहे.

पिंजरा एक झाला तरी आतले सामान दुहेरीच लागते : दोन झोळ्या, दोन वाडगी, मलविसर्जनाची दोन तबके, आणि जिल मावेल पण हॉब मावणार नाही अशा तोंडाची एक पेटी, जिच्यात तिला वाटेल तेव्हा एकटे राहता यावे. पिंजरा उन्हात कदापि नको. तीस अंशांपुढचा उष्मा या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो. आणि म्हणूनच नागपूर-जळगावच्या वाचकांनी, चित्रे पाहून भुललेल्यांनी, कृपा करून हा प्राणी आणू नये.

मी निघालो त्या दिवशी सकाळी दोघे एकाच झोळीत होते. ती खाली, तो वर, आणि त्याची मान तिच्या पाठीवर आडवी पडलेली. गोधडीचे दोन्ही तुकडे त्यांच्याखाली एक झाले होते. भाचीने भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने उलटली, कांड्या तपासून घेण्याच्या महिन्यावर लाल पेन्सिलीने खूण केली, आणि तीच खूण पशुवैद्याच्या दूरध्वनी क्रमांकाशेजारीही करून ठेवली.