कोशातला किडा आणि ताटातला किडा

ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात आदिवासी कुटुंबे तांबड्या मुंग्यांची जी चटणी पिढ्यान् पिढ्या वाटीत आली आहेत, तिला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा विषय मध्यंतरी आमच्या देवळाच्या मंडपात, आरती आटोपून प्रसादाची वाट पाहत बसलेल्या मंडळींत निघाला, तेव्हा प्रथम हशा पिकला आणि मागाहून 'शिव शिव' झाले. असल्या लोकांना मनुष्य म्हणावे काय, असा प्रश्न एका सद्गृहस्थांनी केला. प्रश्न करतेवेळी त्यांच्या कमरेला रेशमी सोवळे होते. आमच्या म्हणण्याचा आरंभ त्या सोवळ्यापासूनच करणे योग्य होईल.

तुतीच्या रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून आतला जीव पतंग होऊन बाहेर पडण्यापूर्वीच उष्णतेने मारला जातो. एका रेशमी वस्त्रापायी असे हजारो कोष खर्ची पडतात. धागा आम्ही नेसतो. आसाम-नागालँडकडील अनेक घरांत रेशमाचे किडे खातात. दोहोंकडे जीव जातो तो किड्याचाच. आम्ही त्याचे वस्त्र केले म्हणून ते पवित्र आणि त्यांनी त्याचे अन्न केले म्हणून ते अमंगळ, हा युक्तिवाद कोणत्याही न्यायासनापुढे क्षणभर टिकणार नाही. ज्या लाखेचे लाक्षागृह आपण बालपणापासून ऐकत आलो, ती लाखही कीटकाचाच स्राव होय. पंचामृतातील मधाविषयी तर बोलावयासच नको.

कोणी म्हणेल, वापरणे निराळे आणि खाणे निराळे. मान्य. परंतु गोमंतकातील आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी सोमवार आणि व्रताचे दिवस सोडले तर सुंगटांचे हुमण आवडीने होते. सुंगट, कुर्ली, टोळ आणि मुंगी ही सारी प्राणिशास्त्राने एकाच संधिपाद संघात बसविलेली भावंडे आहेत. हे नाते इतके निकटचे आहे की, ज्यांना कोळंबी वा खेकडा सोसत नाही त्यांना हे अन्नही बाधू शकेल, अशी सूचना कीटकजन्य पदार्थांवर छापणे युरोपीय कायद्याने बंधनकारक केले आहे. समुद्रातला संधिपाद पक्वान्न आणि आंब्याच्या झाडावरचा संधिपाद रानटीपणा, हा भेद सवयीने केलेला आहे, धर्माने नव्हे.

म्हणून आमच्या वाचकांनी उद्यापासून मुंग्यांची चटणी खावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आम्हीही ती खाणार नाही. शिसारी हा गुन्हा नव्हे. ती संस्काराने येते आणि तिचा मान राखला गेलाच पाहिजे. येथे आम्हांला दुसऱ्या पक्षाशी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात आणि खाद्य कीटकांच्या १९०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, असे प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पीठकिड्याला आणि २०२३ च्या जानेवारीत रातकिड्याच्या पिठाला अन्न म्हणून परवानगी दिली. तेव्हापासून काही सुधारक सांगू लागले आहेत की, लोकांची किळस हे निव्वळ अज्ञान आहे. किडा दळून पिठात मिसळावा, दिसला नाही म्हणजे लोक मुकाट्याने खातील. आमचा कडाक्याचा विरोध आहे तो या 'मुकाट्याने'ला. ज्याला ठाऊक नाही, त्याची संमती नाही, हा कायद्याचा पहिला धडा होय. ज्या युरोपने परवानगी दिली, त्यानेसुद्धा कीटकाचे नाव वेष्टनावर छापण्याची अट घातलीच.

आता आपल्याच घरात डोकावू. आपल्या २०२० च्या वेष्टनविषयक नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत कीटकांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु त्याच व्याख्येतून दूध, मध, मेण आणि शेलॅक वगळले आहेत. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. गोळ्या-मिठाईला चकाकी आणण्यासाठी ती वापरतात. अर्थात लाखेचा मुलामा दिलेल्या मिठाईवर हिरवा ठिपका कायदेशीर ठरतो, आणि वेष्टनाच्या मागे बारीक टायपात फार तर ९०४ हा आकडा आढळतो. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून काढलेला तांबडा रंगही बाजारात १२० या आकड्याआड वावरतो. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, घटकांचा केवळ सांकेतिक क्रमांक देऊन भागणार नाही, तो घटक वनस्पतिज, प्राणिज की प्रयोगशाळेत केलेला हेही सांगितले पाहिजे, असा आदेश दिला. आदेश उत्तम होता. परंतु वेष्टन उलटून वाचण्याची सवय ग्राहकाने लावून घेतली नाही, तर न्यायालय तरी काय करणार?

मयूरभंजची आदिवासी स्त्री आपल्या पाट्यावर काय वाटते ते तिला पक्के ठाऊक असते. आम्हांला आमच्या प्रसादाच्या पुड्यात काय आहे ते ठाऊक नसते. हसण्याचा अधिकार या दोघांपैकी कोणाला अधिक, हे वाचकांनीच ठरवावे.

आमची विनंती दुहेरी आहे. दुसऱ्याच्या ताटाची टवाळी थांबवावी. आणि प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी नैवेद्याची मिठाई, रंग, अर्क पुरविणाऱ्या व्यापाऱ्याकडून प्रत्येक घटकाचे मूळ लेखी मागवून घ्यावे. मिळालेले उत्तर देवळाच्या फलकावर लावावे. ते वाचून ज्याला खावयाचे तो खाईल, ज्याला नको तो हात जोडून उठेल.