आम्हाला फसायचा हक्क पाहिजे

दोस्तांनो, सरकार ज्याला 'संशोधन निधी' म्हणतं त्याचा सरळ मराठी अर्थ असा : फसायला मिळालेला पैसा. प्रयोग 10 वेळा करायचा, 9 वेळा फसायचा, तरी घरावर जप्ती येत नाही. ज्याला हे फसणं परवडतं त्याला या देशात संशोधक म्हणतात. आम्ही फसलो की तीच नालायकी.

हे मी त्र्यंबकेश्वराचं नाव घेऊन लिहितोय, त्याला कारण आहे. 1928 साली त्र्यंबकला अस्पृश्यांची सभा भरली. चोखोबाचं देऊळ बांधायचं का, हा प्रश्न होता. बाबासाहेब हजर होते. ठरलं, देऊळ नको. अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढणं हेच चोखोबाचं खरं स्मारक. वेगळं देऊळ म्हणजे काय, ते आमच्या अडाणी आज्यांना बरोबर कळत होतं. तुमचं देऊळ तुम्हाला, गाभारा आमचा आम्हाला!

आता धंदा करू बघणाऱ्या दलित पोरांना सरकारनं काय बांधून दिलं ते बघा. 2016 साली स्टँड-अप इंडिया आली. 10 लाख ते 1 कोटी. ऐकायला झकास. पण ते कर्ज. कर्जावर दुकान टाकता येतं, मशीन घेता येतं. प्रयोग कसा करणार? तो फसला तरी हप्ता चुकत नाही. मग 2020 साली बाबासाहेबांचं नाव लावून 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' आलं. 4 वर्षांत 1000 दलित तरुण, एकेकाला 3 वर्षांत मिळून 30 लाखांचं भांडवल. 2011च्या जनगणनेत अनुसूचित जाती 20 कोटींवर. म्हणजे 2 लाखांत एक. हे झालं वेगळं देऊळ.

आणि गाभारा? 1 जुलै 2025ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं खाजगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी 1 लाख कोटींची योजना मंजूर केली. लांब मुदतीचा पैसा, कमी व्याजानं किंवा बिनव्याजी. अट अशी : तंत्रज्ञानाच्या 9 पायऱ्यांपैकी चौथीवर तुम्ही पोचलेले पाहिजे. म्हणजे वस्तू प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पाहिजे. आधीच्या 3 पायऱ्या कुणाच्या जिवावर चढायच्या? ज्याच्याकडे लॅब नाही, ओळख नाही, तो छोटा धंदेवाला पंढरपुरातल्या चोखोबासारखा पायरीपाशीच.

माझा एक दोस्त अंबडच्या एमआयडीसीत वेल्डिंग करतो. बाप सफाई कामगार. चेंबरमध्ये माणूस न उतरवता वरूनच गाळ ओढायचं एक लोखंडी यंत्र त्यानं भंगारातून बनवलं. आम्ही दोघं ते घेऊन एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, ''पदवी?'' हा म्हणाला, ''आयटीआय.'' ''तारण काय देणार?'' हा गप. ''बरं, मार्केट किती आहे याला?'' हा म्हणाला, ''साहेब, जेवढी गटारं तेवढं मार्केट.'' साहेब हसले. यंत्र त्यांनी हातात घेऊनसुद्धा बघितलं नाही.

2023 साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना 30 लाख द्या म्हणून सांगितलं. म्हणजे बाप गटारात मेला तर 30 लाख. पोरानं गटारात उतरणं बंद करायला डोकं चालवलं, तर त्यालाही 30 लाखच. तेही 2 लाखांत एकाला, आणि 3 वर्षांत मिळून. च्यायला, आमच्या मढ्याचा आणि मेंदूचा भाव एकच!

2015च्या सिंहस्थाआधी नाशकात 'कुंभथॉन' झाली. एमआयटीची माणसं आली, हुशार पोरं जमली. पायाखालून जाणारी गर्दी मोजणारी चटई तयार झाली. चांगलं झालं, आमची तक्रार नाही. पण पाय मोजले तसे झाडू कुणी मोजायचे? लाखो लोक कुशावर्तात पुण्य धुवून जातात, मागचा मैला आमच्या वाट्याला. 2026-27च्या सिंहस्थाला तरी हाच प्रश्न संशोधनाचा का नसावा? आणि त्याचे संशोधक ते काम करणारेच का नसावेत?

अमेरिकेनं 1982 साली कायदा केला : मोठ्या खात्यांनी संशोधनाच्या पैशातला ठराविक वाटा छोट्या धंद्यांसाठी काढून ठेवायचा. अल्पसंख्याक आणि वंचित माणसांनी त्यात यावं, हा हेतू कायद्यातच लिहिला. आपल्या जैवतंत्रज्ञान खात्यानं 2005 साली जवळपास तेच नाव लावून योजना काढली. नाव आलं, कायद्यानं राखलेला वाटा मात्र आला नाही.

म्हणून आमचं मागणं भिकेचं नाही. संशोधनाच्या पैशात लोकसंख्येइतका वाटा कायद्यानं द्या. पहिल्या 3 पायऱ्यांसाठी तारण न मागता, पदवी न विचारता अनुदान द्या. प्रयोग फसला तर वसुली नको. कुठल्या जातीला किती पैसा गेला, ते दरवर्षी छापा. आणि कामगारांनी बनवलेली यंत्रं त्र्यंबकच्या गटारांवर चालवून बघा. चालली तर विकत घ्या.

1928ला त्र्यंबकला आम्ही वेगळं देऊळ नाकारलं. आता गाभाऱ्याच्या तिजोरीचा हिशोब मागतोय. जय भीम!